शेरा

रकाना एक : बांधकामाचा प्रकार.
पक्कं. विटांचं, चुन्यातलं.
रकाना दोन : वय.
इथं पेन थांबलं.

निफाडच्या अलीकडे, पोटचारीला लागून
द्राक्षबागेत उभं हे घर
समोरून या मुलखातलं वाटत नाही.
चढं छप्पर, दोन टोकांना त्रिकोणी भिंती,
मधोमध दार, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या,
आणि उजवीकडे, माणूस आत उभा राहील
एवढं रुंद धुरांडं.
विटांचा एक थर लांबीनं, एक थर नुसत्या डोक्यांचा,
पुन्हा लांबीनं, पुन्हा डोकी.
कुठंही सांध्यावर सांधा नाही.

टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं रत्नमाला गडाखांकडे.
"सव्वाबावीस," त्या तिकडून ओरडल्या, "अन् वर दोन बोटं."
मी दोन बोटंही लिहिली.

त्यांच्या आजेसासऱ्यांच्या, हिरामण गडाखांच्या,
कालव्याच्या कामावर मुरमाच्या बैलगाड्या होत्या.
काम संपलं तेव्हा साहेबानं बिस्किटांचा रिकामा डबा दिला.
झाकणावर घर होतं.
हिरामणनं ते कचरू मिस्त्रीपुढं धरलं : असं बांध.

कचरू मिस्त्रीनं झाकण उलटं करून पाहिलं.
मागं नुसता पत्रा.

म्हणून मागच्या अंगाला आलात
की विलायत संपते.
ओटा. न्हाणी. रांजणाची बैठक.
पणतीपुरते सात कोनाडे,
आणि बैलांनी मान घासून घासून
गोल केलेला एक कोपरा.

झाकणावरच्या छपराच्या कडेला पांढरं काही होतं.
बर्फ कुणी पाहिलेला?
मिस्त्री म्हणाला, चुना असणार,
आळशी गड्यानं वरवर फासलेला.
तेव्हापासून दर दिवाळीला पोरं शिडी लावतात
आणि कौलांच्या कडेला हातभर चुना ओढतात.
का, ते कुणी विचारत नाही.

झाकण अजून आहे, रव्याच्या डब्यावर.
गंजात घर बुडालं.
आता हे घर पाहूनच
ते चित्र पुन्हा काढावं लागेल.

पूर्वेच्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर,
एका विटेत पायाची पाच बोटं.
कच्च्या विटांवरून पळालेलं भट्टीवरचं कुणी लेकरू.
टाच उमटलेली नाही.
घाईत असणार.

रस्त्याच्या नकाशावरची लाल रेघ
बरोबर धुरांड्यातून जाते.
घसाऱ्याच्या कोष्टकात वर्षं संपतात,
भिंत शून्यावर येते.
त्या शून्याला मी ओळंबा लावला.
वारा पडेपर्यंत थांबलो.
वरपासून खालपर्यंत दोरी आणि भिंत
यांच्यात केसभर फरक नाही.

पौषातली सकाळ, पारा साडेपाचावर.
मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या होत्या,
सगळ्यांचे डोळे लाल.
मी अर्जातलं वाचून दाखवलं : चिमणी, आहे की नाही?
"कुठली?" बाई म्हणाल्या. "दिव्याची, का दाणे टिपणारी?"
मग हसल्या, आणि छाटणीच्या वाळक्या काड्यांची मोळी
आत सरकवून काडी लावली.

धूर खोलीत क्षणभर घुटमळला,
मग रस्ता सापडल्यासारखा वर गेला.
कचरू मिस्त्रीनं जन्मभर वीटभट्ट्या रचल्या होत्या.
धूर कुठून जातो
हे त्याला झाकणाला विचारावं लागलं नसणार.

शेवटचा रकाना : शेरा.
तिथं बहुधा आम्ही आडवी रेघ मारतो.
मी लिहिलं,
चिमणी चालू आहे. धूर सरळ जातो.

वयाचा रकाना अजून रिकामा.
हात शेकून झाले
की बघू.